शब्दचर्चा : ‘बेरेशीत’ म्हणजे ‘आरंभी’ की ‘आरंभ करताना’?

प्रश्न : हिब्रू बायबलचा पहिला शब्द ‘बेरेशीत’. मराठी बायबलात तिथे ‘प्रारंभी’ असं आहे, म्हणजे प्रारंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. मध्ययुगातल्या ज्यू भाष्यकारांना हा अर्थ पटत नव्हता, असं वाचलं. इतक्या साध्या शब्दात वाद कसला?

उत्तर : वाद षष्ठीचा आहे, आणि पुढच्या दोन ओळींचा अन्वय त्यावर ठरतो.

मराठीत ‘राजाचं घर’ म्हणताना प्रत्यय राजाला लागतो. हिब्रूत बदलतो तो घराचा शब्द. नुसतं घर म्हणजे ‘बायित’, पण ‘अमक्याचं घर’ म्हणताना ‘बेत’. बेथलेहेममधला ‘बेथ’ तोच : भाकरीचं घर. या जोडणीला ‘सेमिखूत’ म्हणतात.

फ्रान्समधल्या त्रॉयचा ज्यू भाष्यकार राशी (१०४०–११०५) म्हणतो की ‘रेशीत’ नेहमी पुढच्या शब्दाला जोडूनच येतो, जसं ‘यहोयाकीमच्या राज्याच्या आरंभी’. सुटं ‘सर्वांत आधी’ म्हणायचं असतं तर ‘बारिशोना’ आलं असतं. म्हणून अन्वय असा : देव आकाश आणि पृथ्वी निर्माण करू लागला, तेव्हा पृथ्वी ओसाड होती, अंधार होता, आणि देव म्हणाला, उजेड होवो. म्हणजे आधी काय घडलं आणि मग काय, हा क्रम या वाक्यात नाहीच. त्याचा दुसरा पुरावा मला फार आवडतो : दुसऱ्याच ओळीत पाण्याचा उल्लेख आहे, पण पाणी केव्हा निर्माण झालं हे तोवर आलेलंच नाही!

प्रश्न : पण लगेच पुढे ‘बारा’ (त्याने निर्माण केलं) हे भूतकाळी क्रियापद आहे ना? नामाची षष्ठी क्रियापदाशी कशी जुळणार?

उत्तर : नेमकी शंका काढलीत. राशीने बायबलातल्याच होशेय या ग्रंथातलं (१:२) ‘तेहिलत दिब्बेर’ दाखवलं. तिथेही ‘आरंभ’ या अर्थाचं नाम थेट ‘बोलला’ या क्रियापदाला जोडलं आहे. बाराव्या शतकातला भाष्यकार अब्राहम इब्न एझ्रा यानेही हीच ओळ पुढे केली, आणि जोडीला यशयातली आणखी एक.

इब्न एझ्रा स्पेनमधल्या तुदेलाचा, आणि तिथलं व्याकरण बरंच पुढे गेलेलं होतं. दहाव्या शतकात कोर्दोबाच्या मेनाहेम बेन सारूकने आपल्या कोशात एका-दोन अक्षरांचे धातूही मानले होते. ‘वय्याख’ (त्याने मारलं) या रूपात धातूचं एकच अक्षर दिसतं, मग दुसरं काय मानणार? त्याच शतकाच्या अखेरीस यहूदा हय्यूजने अरबी व्याकरणाच्या पद्धतीने दाखवून दिलं की हिब्रू क्रियापदाचा धातू तीन अक्षरी असतो. दुर्बळ अक्षरं काही रूपांत लपतात, तरी धातूतून जात नाहीत. मग ‘वय्याख’चा धातू ‘न-क-ह’ ठरतो (इथला ‘ख’ हा ‘क’चाच बदललेला उच्चार). कोणता शब्द कोणाचा सगा, याचा सगळा हिशेबच बदलला. हय्यूजने लिहिलं अरबीत, त्यामुळे राशीपर्यंत ते पोचलंच नाही. राशीचा आधार मेनाहेम आणि मेनाहेमचा टीकाकार दुनाश. तरीही केवळ प्रयोग ताडून पाहत तो ‘बेरेशीत’च्या सेमिखूतपर्यंत पोचला, याचं मला विलक्षण कौतुक वाटतं. ११४० च्या सुमारास स्पेन सोडून इटली, फ्रान्स असा हिंडलेल्या इब्न एझ्राने हय्यूजचे ग्रंथ हिब्रूत आणले.

प्रश्न : मग ‘बारा’ म्हणजे शून्यातून निर्माण करणं, हे तरी खरं?

उत्तर : इब्न एझ्राला ते मान्य नाही. त्याच अध्यायात माणूस ‘बारा’ केला असं आहे, आणि तो तर मातीपासून घडवलेला. त्याच्या मते मूळ अर्थ कापणं, सीमा आखणं. स्पेनमधल्या गिरोनाचा भाष्यकार नाहमनिदेस याने (तेराव्या शतकात) दोन्ही बाबतींत विरोध केला. ‘बारा’ला शून्यातून निर्मितीचाच अर्थ आहे, असं तो म्हणतो, आणि यशया ४६:१० मध्ये ‘रेशीत’ सुटा आला आहे, तेव्हा राशीचा ‘नेहमी’ टिकत नाही. हे उदाहरण वजनदार आहे. मला स्वतःला राशीचा अन्वय पटतो, तो पाण्याच्या मुद्द्यामुळे. नुसत्या ‘रेशीत’च्या प्रयोगांवर तो सिद्ध होत नाही.