बनाना राइडच्या होड्यांना जैवविघटनशील टू-टी तेल सक्तीचं करावं का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

तारकर्ली-देवबागपासून हर्णै, काशीद, नागावपर्यंत बनाना राइड, बंपर राइड आणि डॉल्फिन दाखवायच्या फेऱ्या चालतात. त्यातल्या ज्या होड्यांवर अजून कार्ब्युरेटरवाली (जुन्या पद्धतीची) टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागं बाहेरून लावलेली इंजिनं आहेत, त्यांना पुढच्या हंगामापासून जैवविघटनशील, म्हणजे जिवाणू मोडू शकतील असं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल सक्तीचं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन बदला असं मी म्हणत नाही. तेल बदला, एवढंच.

टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. साधारण ५० ला १, म्हणजे लिटरमागं २० मिली. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा एक्झॉस्टची वाट उघडीच असते, म्हणून जुन्या इंजिनात जवळपास पाव हिस्सा न जळताच निसटतो. स्कूटरचा निळा धूर निदान हवेत जायचा. आउटबोर्डचं एक्झॉस्ट पंख्यापाशी थेट पाण्यातच सुटतं. ४० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण वेगात तासाला पंधरा-सोळा लिटर पितं. हिशेब केला तर एका होडीमागं तासाला सुमारे ८० मिली न जळलेलं तेल समुद्रात जातं, आणि मे महिन्यात एकेका किनाऱ्यावर किती होड्या दिवसभर फिरतात ते आपण बघतोच.

हे पाणी खोल दर्याचं नाही. कर्ली नदीचं मुख उथळ आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी त्यातच येतं. तिथल्या खडपांवर प्रवाळ आहे, म्हणून तर लोक स्नॉर्कलिंगला येतात. तेलाचा तवंग पाण्याच्या वरच्या थरात राहतो, आणि कितीतरी माशांची अंडी-पिल्लं त्याच थरात तरंगत असतात.

सिंथेटिक एस्टरचं (कारखान्यात रासायनिक प्रक्रियेनं बनवलेलं) चांगलं तेल ओईसीडी ३०१बी या आंतरराष्ट्रीय विघटन-चाचणीत २८ दिवसांत ६० टक्क्यांच्या वर विघटित होतं. साधं खनिज तेल सहसा ती पातळी गाठत नाही. युरोपात सीईसी एल-३३ ही चाचणी तर मुळात आउटबोर्डच्या टू-स्ट्रोक तेलांसाठीच आखली गेली. म्हणजे ही काही नवी, न तपासलेली गोष्ट नाही.

बोटवाला-०७

माझा विरोध आहे. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद. वादळाचा बावटा लागला की ऑक्टोबर-नोव्हेंबरातलेही दिवस जातात. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. लाइफ जॅकेट, विमा, परवाना, सर्वेक्षण हे सगळं आम्ही भरतोच, आता वर महागडं तेल.

आणि पावसाळा लागला की दर वर्षी किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात, ते आमच्या होड्यांतून पडतात का? २०१० साली मुंबईजवळ एमएससी चित्रा जहाजाला अपघात झाला, शेकडो टन तेल सांडलं, उरण-अलिबागच्या किनाऱ्यांना त्याचा त्रास झाला. आधी मोठ्यांना आवरा. नियम नेहमी लहान माणसावरच का येतो?

रापणकर

जहाजांचा म्हणणा खरा आसा. पण जहाजा आमच्या रापणीच्या (किनाऱ्यार वडूच्या जाळ्याच्या) पाण्यात येनत नाय, ह्ये होडये येतत. आयतवारी रापण वडली की जाळ्याक पेट्रोल-तेलाचो वास येता. मासळेक वास लागलो की गिऱ्हाईक घेणा नाय, आणि भांडाण माझ्या बायलेवांगडा व्हता, कारण बाजारात ती बसता. तेल बदलतल्यात तर बदला. पण रापणीच्या जाग्यापासून होडये लांब चलवची, ह्याय नियमात घाला.

शेवंड

मी सागरी जीवशास्त्र शिकले आहे आणि माझाही विरोध आहे, पण अगदी उलट कारणासाठी. ही सक्ती फार तोकडी आहे.

खाडीकाठ, तुमचाच हिशेब पुढे नेते. ८० मिली तेलाबरोबर त्याच तासात चार लिटर न जळलेलं पेट्रोलही पाण्यात जातं. त्यात बेंझिन, टोल्युइन ही विषारी रसायनं असतात. तेल कितीही चांगलं वापरलं तरी त्यातला एक थेंब कमी होत नाही. अमेरिकेतल्या ताहो सरोवरावर १९९९ साली कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकवरच बंदी घातली, तेलावर नाही, ती याच कारणासाठी.

दुसरं, २८ दिवसांचा तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. तिथे भरपूर ऑक्सिजन असतो. कांदळवनातला चिखल उकरून बघा, चार बोटांखाली काळा आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा. तिथे ऑक्सिजन नसतोच. भरतीबरोबर त्या चिखलात शिरलेलं तेल, जैवविघटनशील असलं तरी, दीर्घकाळ तसंच राहू शकतं. आणि विघटन होतं म्हणजे ते विषारी नाही, असाही अर्थ होत नाही.

सक्ती करायची तर फोर-स्ट्रोकची करा. त्याचं तेल इंजिनातच फिरतं. या आकाराच्या इंजिनाला १०० तासांनी दोन-तीन लिटर तेल बदलावं लागतं. तुमच्या हिशेबानं टू-स्ट्रोक १०० तासांत आठ लिटर न जळलेलं तेल पाण्यात सोडतं, वर ४०० लिटर पेट्रोल.

खाडीकाठ

शेवंड, पेट्रोलचा मुद्दा मान्य. पण आपल्याकडच्या उबदार पाण्यावरून पेट्रोलचा बराचसा भाग काही तासांत उडून जातो, तेल उडत नाही. मागे राहतं ते तेच. चिखलाबद्दल तुमचं बरोबर आहे, पण खनिज तेल त्याच चिखलात याहून बरं वागेल असं तुम्हीही म्हणणार नाही.

फोर-स्ट्रोक मलाही हवंय. ते लाखांचं काम आहे. बोटवाला-०७ सारख्या माणसाला ते झेपेपर्यंत किती हंगाम जातील? तोवर पाण्यात काय सोडायचं, हा माझा प्रश्न आहे.

बोटवाला-०७, खर्चाचं बघू. समजा या तेलाला लिटरमागं ६०० रुपये जास्त पडले. लिटरभर पेट्रोलमध्ये जातं २० मिली, म्हणजे १२ रुपये. पंधरा मिनिटांच्या फेरीत चार लिटर जळलं तरी ४८ रुपये, तेही होडीत बसलेल्या सगळ्या माणसांत वाटून. लहान माणसावर ओझं नको हे पटतं, पण रापणकरही लहानच माणूस आहे आणि त्याचं नुकसान आज कुणीच भरून देत नाही.

मेस्त्रीकाम

आउटबोर्ड उघडण्यातच माझी उमर गेली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

डब्यावर नुसतं जैवविघटनशील लिहिलंय म्हणून घेऊ नका. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच तेल लागतं. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी ते बनतं आणि त्यात राख होणारे धातूचे घटक नसतात. आज कितीतरी होड्यांत स्कूटरचं किंवा गवत कापायच्या मशीनचं टू-टी ओततात. पिस्टनच्या डोक्यावर राखेचा थर बसतो, स्पार्क प्लगच्या फटीत राखेचा पूल तयार होतो आणि भर समुद्रात इंजिन बंद पडतं. सक्ती करायचीच तर आधी टीसी-डब्ल्यू३ ची करा, मग जैवविघटनशीलची. दोन्ही गुण असलेली तेलं मिळतात.

दुसरं, एस्टरचं तेल दमट हवेत पाणी ओढतं. आता पंपावरचं पेट्रोलही २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, ते तर त्याहून जास्त ओढतं. मिश्रण करून कॅन महिनाभर शेडमध्ये ठेवला तर तळाला पाणी बसतं आणि कार्ब्युरेटर गंजतो. त्या दिवसाचं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पावसाळ्यासाठी इंजिन काढताना पेट्रोलची लाइन सोडवून कार्ब्युरेटर कोरडा होईस्तोवर चालवायचं आणि सिलिंडरमध्ये तेल मारून ठेवायचं. एवढं पाळलं तर एस्टरला मी वाईट म्हणणार नाही. धूर कमी, पिस्टनच्या रिंगा मोकळ्या राहतात.

माडबन

बाहेरचं महाग तेल कशाला? आपल्याकडे करंज आहे, उंडी आहे. उंडीचं तेल पूर्वी घरोघर दिव्यात जळत होतं. गावातल्या बचत गटांनी घाणे घातले तर तेलही आपलं, पैसाही आपला.

मेस्त्रीकाम

माडबन, भावना समजते, पण कच्चं वनस्पती तेल इंजिनात नको. ते हवेनं आणि उष्णतेनं चिकट होतं, रिंगा खाचेत बसतात आणि पिस्टन धरतो. एरंडेल पूर्वी शर्यतीच्या गाड्यांत वापरत, वंगण म्हणून ते उत्तमच, पण प्रत्येक शर्यतीनंतर इंजिन उघडून साफ करत. बनाना राइडवाला ते कधी करणार? वनस्पती तेलापासून कारखान्यात प्रक्रिया करून एस्टर बनवतात, ती गोष्ट वेगळी. उंडी दिव्यालाच ठीक.

बोटवाला-०७

१२ रुपयांचा हिशेब मी घरी पुन्हा करून बघितला, आकडा बरोबर आहे. पण ते तेल मिळणार कुठे? तालुक्याच्या गावात दुकानदार दोनच प्रकारचं टू-टी ठेवतो. मुंबईहून मागवायचं तर डबा संपला त्या दिवशी मी काय करू, गिऱ्हाईक परत पाठवू? आणि तपासणार कोण? मी महागडं ओतायचं, शेजारचा स्वस्तातलं ओतून माझ्यापेक्षा ५० रुपये कमी दर लावणार. हे होणार असेल तर माझा विरोध कायम.

खाडीकाठ

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. दिल्लीत असाच प्रश्न रिक्षा-स्कूटरच्या बाबतीत होता. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तिथं सुटं टू-टी विकणं बंद झालं आणि पंपावरच तेल मोजून मिसळून मिळू लागलं. कुणाच्या टाकीत काय आहे ते शोधत फिरावं लागलं नाही.

आपल्याकडे प्रत्येक किनाऱ्यावर होडीवाल्यांची संघटना किंवा सोसायटी असतेच. तेल तिनं एकगठ्ठा आणावं, मिश्रण एकाच ठिकाणी, वाळूपासून दूर, खाली ट्रे ठेवून करावं. आज नरसाळं लावून वाळूवरच ओततात, त्यात सांडतं ते वेगळंच. परवान्याच्या नूतनीकरणाला सोसायटीची तेलाची पावती जोडायची. दर सगळ्यांनी सारखाच वाढवायचा.

शेवंड

पावतीची अट चांगली आहे. तिच्यात दोन गोष्टी घातल्या तर मी विरोध मागे घेते. नव्या परवान्याला कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक चालणार नाही, आणि जुन्या इंजिनांना शेवटची तारीख आधीच छापून द्यायची. तारीख नसेल तर हे तेल त्या इंजिनांना कायमचा परवाना ठरेल.

बोटवाला-०७

तारीख घाला, पण नव्या इंजिनाच्या कर्जावरच्या व्याजात सवलत देणारी योजना त्याच कागदावर पाहिजे. ती नसेल तर मी सही करणार नाही. तेलाचं मात्र आमच्या सोसायटीत विचारतो. मेस्त्रीकाम, टीसी-डब्ल्यू३ आणि जैवविघटनशील दोन्ही लिहिलेल्या डब्याचा फोटो इथे टाका, दुकानदाराला दाखवायला लागेल.

रापणकर

आणि रापणीचा अंतर? ता अजून कोणीच लिवक नाय.