आपलं गाव सुधारलंय की आपल्याला तसं म्हणायची सवय लागलीय?

माळरान (कडोली भाग):
परवा एक सर्वेवाली पोरगी आमच्या कट्ट्यावर येऊन बसली. आईला विचारलं, "आजी, गावात सोयी कशा आहेत?" आई म्हणाली, "बरं हाय की." रस्ता? "हाय." पाणी? "येतंय, दिवसाआड." पोरीनं कागदावर खुणा केल्या, चहा घेतला आणि गेली. आई खोटं बोलली नाही. हिनंच विहिरीवरून दोन-दोन घागरी आणून आम्हाला वाढवलं. आता नळ दारात आहे, रताळी भरायला टेम्पो बांधापर्यंत येतो. तरी चार माणसं जमली की आपण "सीमाभागाला कोणी वाली नाही" हेच म्हणतो. जे झालंय ते झालंय म्हणायला काय हरकत आहे?

जांबोटीकर:
तुमचं गाव बेळगाव शहराला खेटून आहे, म्हणून असं वाटतं. जुलैत आमच्याकडं या. 2011 ला भीमगड अभयारण्य झालं. आता आतल्या वाड्यांनी रस्ता मागितला की जंगलाचे नियम आडवे येतात. गेल्या पावसात शेजारच्या काकांना आम्ही झोळीत घालून गावाबाहेर काढलं. बांबूला घोंगडं बांधलेलं, पुढं दोघं, मागं दोघं, ओढ्याला मांडीभर पाणी. झोळीत पडलेले काकाच मोबाइलची बॅटरी धरून आम्हाला वाट दाखवत होते. तळेवाडीची 27 कुटुंबं कुटुंबामागे 15 लाखांच्या बदल्यात जंगल सोडायला तयार झाली. वाडवडिलांची जागा कोण हौसेनं सोडतं? मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगवते. म्हादई नदीच्या पाण्याचा 2018 ला लवादात टीएमसीत वाटा ठरला. आमच्या ओढ्यावर साकव मात्र अजून नाही.

नंदगडची_लेक:
दादा, तुमचं सगळं खरं. पण बायकांना विचारा की ओ कोणीतरी. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसला तिकीट नाही. माहेरी जायला मी आता घरात कोणाकडं पैसे मागत नाही. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 रुपये कधी दोन महिने रखडतात, पण येतात ते माझ्या खात्यावर. पोरीच्या चष्म्याचे पैसे मी दिले, पहिल्यांदाच. ह्याला काही नाही म्हणू नका.

येळ्ळूर_शिवार:
ताई, तुमच्या पैशाला नावं ठेवत नाही. पण हातात पैसे येणं वेगळं आणि पायाखालची जमीन राहणं वेगळं. हलगा-मच्छे बायपास आमच्या पिकाऊ शिवारातून गेला. शेतकरी किती वर्षं कोर्टात भांडतायत! भाताची ही काळी जमीन, बासमतीचं लोंबीला आलेलं रान, त्यावर मुरूम पडताना मी बघितलाय. वर बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात पिकात शिरतं. रस्ता झाला म्हणून खूण करणाऱ्यानं तो कोणाच्या रानातून झाला हेही लिहावं.

माळरान:
रस्ता नकोच होता का मग?

येळ्ळूर_शिवार:
हवा होता. आम्हाला विचारून हवा होता.

खानापूर_मास्तर:
एक गोष्ट सगळ्यांचीच राहिली. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर असले तर महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर त्यांना दिलेल्या संरक्षणात मान्य झालंय. आमच्या तालुक्यात मराठी माणसं किती, हे सांगायला नको. तरी नोटीस कन्नडमध्ये येते आणि मुदत टळल्यावर कळतं की ती आपल्याच जमिनीची होती. कन्नडला माझा विरोध नाही, माझी पोरं शिकतात, शिकावीच. पण साठीच्या माणसानं सही करायचा कागद त्याला वाचता येऊ नये, हे गाव सुधारल्याचं लक्षण मी मानत नाही.

माळरान:
मास्तर, तुमचं वाचून आत जाऊन आईला विचारलं, "जमिनीचा पहाणी उतारा तुला वाचता येतो का गं?" म्हणाली, "नाही बाबा. वाण्याच्या पोराकडनं वाचून घेते. त्यानं सांगितलं की अंगठा." मग सर्वेवालीला का सांगितलं नाहीस? "तिनं ते विचारलंच नाही."
नळ आणि रस्ता झाला, हे मी मागं घेत नाही. जांबोटीकर, साकवासाठी अर्ज दिलाय का कोणी? दिला असेल तर त्याची नक्कल टाका इथं.