'लिटल ब्रदर' वाचून पोरं खरंच काही करतात का?

मृण्मयी_वाचते
पंधरा वर्षांच्या भाचीला कॉरी डॉक्टोरोची 'लिटल ब्रदर' दिली. २००८ची कादंबरी आहे, सॅन फ्रान्सिस्कोत बे ब्रिजवर बॉम्बस्फोट होतो, सतरा वर्षांचा मार्कस आणि त्याचे मित्र नेमके रस्त्यावर असतात, होमलँड सिक्युरिटीवाले (अमेरिकेचं अंतर्गत सुरक्षा खातं) उचलून नेतात, फोन उघड म्हणतात, हा आधी नाही म्हणतो आणि तिथून रामायण सुरू. सुटून येतो तर शहरभर पाळत, मग पठ्ठ्या एक्सबॉक्स या गेमिंग कन्सोलवरून गुपचूप नेटवर्क उभं करतो. भाचीने पुस्तक संपवून पहिलं काय केलं तर आजीचा फोन घेतला आणि टॉर्चच्या ॲपला तुझे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत गं म्हणून आजीलाच फैलावर घेतलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने हे कधी झालं असतं का सांगा.

चहाबाज
कौतुक आहे भाचीचं, पण ही फोनची सेटिंग्ज झाली, नागरी स्वातंत्र्य कुठे आलं त्यात? आणि पुस्तकात दर दहा पानांनी हिरो गोष्ट थांबवून लेक्चर देतो. वर मार्कसची गँग लोकांच्या टोल-ट्रेनच्या कार्डांतला डेटा गुपचूप बदलते, म्हणजे पोलिस भलत्याच माणसांना अडवणार. ऑफिसला निघालेल्या त्या माणसाला विचारलं होतं का कुणी? त्याच्या स्वातंत्र्याचं काय?

मृण्मयी_वाचते
@चहाबाज लेक्चरच तर भारी आहेत! ते टेस्टचं गणित आठवा. दहा लाखांत एकालाच असणारा रोग आणि ९९ टक्के अचूक टेस्ट, ऐकायला मस्त, पण दहा लाख लोक तपासले तर जवळपास १०,००० निरोगी माणसं रोगी ठरतात. आता रोगाच्या जागी अतिरेकी घाला. भाचीने हे बाबांना जेवताना वहीवर मांडून दाखवलं, ते 'लपवायचं नसेल तर घाबरायचं कशाला' पार्टीचे, आमटी गार झाली तरी हिशोबात चूक सापडेना.

सॅनहोजेकर
इथे अमेरिकेत हे पुस्तक मोठ्यांना झोंबलेलं आहे. २०१४ मध्ये फ्लोरिडात पेन्साकोलाच्या एका हायस्कूलने अख्ख्या शाळेसाठी सुट्टीतलं वाचन म्हणून ठरवलं आणि मुख्याध्यापकांनी आयत्या वेळी कार्यक्रमच रद्द केला, कारण काय तर पुस्तक सत्तेला प्रश्न विचारणं चांगलं म्हणून दाखवतं. मग लेखक आणि प्रकाशकाने पोरांसाठी २०० प्रती फुकट पाठवल्या. ईबुक तर पहिल्यापासून नेटवर फुकटच होतं म्हणा.

चहाबाज
@सॅनहोजेकर बंदी आली म्हणजे पुस्तक थोर असं असेल तर मग बोलायलाच नको. मार्कसच्या मित्राचा, होलूचा प्रसंग विसरलात का सगळे? तो मार्कसला तोंडावर सांगतो, तू गोरा आहेस, पकडला गेलास तर तुझं निभावेल, माझ्या रंगाच्या पोराचं नाही. लेखकाला प्रश्न दिसलाय, पण होलू बाजूला होतो आणि गोष्ट मार्कसच्या मागे पुढे पळते. आपल्याकडे ज्याच्या आडनावावरून पोलिसांचा सूर बदलतो त्या मुलाला हे वाचून हुरूप येईल की भीती वाटेल?

तुरटी
@चहाबाज होलू आहे म्हणून तर मला पुस्तक पटतं, बाकी हॅकिंगबिकिंग मी चक्क स्किप केलं 😅 आणि शेवट बघा ना, सुटका एक्सबॉक्समुळे होते का? नाही. पोरगा घाबरून आईबापांना सगळं खरं सांगतो, आई ओळखीच्या पत्रकार बाईकडे नेते, पेपरात छापून येतं, मग ट्रेझर आयलंड बेटावरच्या छुप्या तुरुंगात डांबलेले बाहेर येतात. आधी बापाचाच पाळतीला पाठिंबा होता हे विशेष. त्यामुळे हे पुस्तक पोरांआधी आईबापांना द्या असं माझं मत.

सॅनहोजेकर
अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनवरच्या 'सिटिझनफोर' डॉक्युमेंटरीत त्याच्या हाँगकाँगच्या हॉटेलरूममध्ये याचाच पुढचा भाग 'होमलँड' दिसतो, बघा.

चहाबाज
अहो तो तेव्हा एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या फायली घेऊन ऑलरेडी पळालेला होता, प्रेरणा कसली, टाइमपासला वाचत असेल.