बातमी मागे घ्यायला एवढा वेळ का लागतो?

वाचक_पुणेकर
द वायर या न्यूज वेबसाइटचं मेटा (इन्स्टाग्रामची मालक कंपनी) प्रकरण परत वाचून काढलं. १० ऑक्टोबर २०२२ ची बातमी, भाजप आयटी सेलचे अमित मालवीय रिपोर्ट करतील ती इन्स्टाग्राम पोस्ट थेट उडते म्हणून. मेटा म्हणालं, बातमी ज्यांवर उभी आहे ते कागद बनावट आहेत. तिथे थांबून तपासायचं ना! यांनी आधी मेटाच्याच अधिकाऱ्याचा म्हणून एक ईमेल छापला, मग तो खरा असल्याची तांत्रिक पडताळणी छापली, आणि ज्या बाहेरच्या तज्ज्ञांचा हवाला दिला त्यांनीच सांगितलं की आम्ही असं काही तपासलेलंच नाही. २३ तारखेला बातम्या मागे. एक बातमी वाचवायला दुसरी छापायची, हाच सगळा घोळ.

सह्याद्री७१
अजिबात पटलं नाही. तेरा दिवस म्हणजे उशीर? कंपनीने खोटं आहे म्हटलं की बातमी काढायची, तर मग कुठल्याच कंपनीविरुद्ध काही छापून येणार नाही. आणि पुढचं तुम्ही लिहिलंच नाही, वायरने माफी मागितली, बातमी देणाऱ्या आपल्याच माणसाविरुद्ध पोलिसात तक्रार दिली, तरी मालवीयांच्या तक्रारीवरून ३१ ऑक्टोबरला दिल्ली पोलीस संपादकांच्या घरी झडतीला, फोन लॅपटॉप घेऊन गेले. हे बघितल्यावर दुसरा संपादक चूक कबूल करेल? वकीलच सांगेल गप्प बसा.

डेस्कवाली
एका जिल्हा दैनिकात सहा वर्षं डेस्कवर होते म्हणून सांगते, पोलीस वगैरे फार नंतर. आधी आपल्या माणसाचा प्रश्न येतो. रिपोर्टर रोज समोर बसतो, सोर्स सांगू शकत नाही म्हणतो, त्याच्यावर अविश्वास दाखवणं फार जड जातं हो. आमच्याकडे एकाचं नाव चुकून आरोपी म्हणून पान एकवर गेलं, खुलासा चौथ्या दिवशी पान सातवर, दोन ओळी. तो माणूस ऑफिसात येऊन नुसता उभा राहिला होता, अजून आठवतं.

वाचक_पुणेकर
@सह्याद्री७१ झडती चूकच होती, त्यात वाद नाही. पण रोलिंग स्टोन या अमेरिकन मासिकाला कुठे पोलिसांची भीती होती? नोव्हेंबर २०१४ ची व्हर्जिनिया विद्यापीठातल्या बलात्काराची स्टोरी, डिसेंबरमध्येच पोकळ निघाली, मागे घेतली एप्रिल २०१५ मध्ये, तेही कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता शाळेचा अहवाल आल्यावर.

सह्याद्री७१
पण त्यांनी तपास बाहेरच्यांकडे दिला आणि तो अख्खा छापला. त्याला चार महिने लागले तर लागू देत. मला घाईघाईत गायब केलेल्या लिंकपेक्षा ते चालेल.

डेस्कवाली
चालेल, पण ते चार महिने बातमीच्या डोक्यावर ठळक लिहा की हिच्यावर शंका आहे. आमच्या त्या माणसाला तेवढंही मिळालं नाही.