मदत हवी आहे : स्वमग्न मुलाची भीती आणि मराठीतून सीबीटी
आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहतो. आमचा 10 वर्षांचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा ध्वनिवर्धकांना इतका घाबरतो की गरब्याच्या रात्री कान झाकून न्हाणीघरात बसतो, आणि आता नुसता मंडप दिसला तरी शाळेत जायला नकार देतो. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार व वागणे बदलायला शिकवणारी संवादातून होणारी मानसोपचार पद्धत) स्वमग्नता घालवण्यासाठी नसून सोबतच्या चिंतेसाठी असते, आणि अशा मुलांसाठी तिला चित्रे, भीतीच्या पायऱ्यांची शिडी (कमी भीतीच्या गोष्टीपासून जास्त भीतीच्या गोष्टीकडे हळूहळू जाणे) व पालकांचा सहभाग यांची जोड देतात, हे आम्ही समजून घेतले आहे. अडचण भाषेची आहे : समुपदेशक गुजरातीतून बोलतात, मुलगा मात्र मनातले फक्त मराठीत सांगतो (तेही बहुधा आगगाड्यांच्या उदाहरणांनी). मराठीतून, निदान ऑनलाइन, हे उपचार करणारे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ कोणाच्या माहितीत आहेत का? आवाजाच्या त्रासासाठी आधी ऑक्युपेशनल थेरपी (रोजचे व्यवहार आणि आवाज-स्पर्शासारख्या संवेदना झेपाव्यात यासाठीचे उपचार) घ्यावी का, याबाबतचा आपला अनुभवही कृपया कळवावा.