मुंगळ्याच्या राणीला साखरपाणी नको, पण आधी तिची छाती बघा

मुंग्या पाळायला पकडून आणलेल्या नव्या राणीला "रोज साखरपाण्याचा थेंब द्या" असा सल्ला इथल्या चर्चेत कुणीतरी दिलाय. तो काळ्या मुंगळ्याच्या राणीला लागू नाही. आपल्याकडे नागपुरात पहिल्या दमदार पावसानंतर दिव्याखाली बऱ्याचदा हीच सापडते. पंख गळाले की उडायचे स्नायू तिच्या अंगातच विरघळतात आणि त्यावरच ती पहिली पिल्लं वाढवते. तिला लागतं फक्त पाणी: टेस्ट ट्यूबच्या तळाशी पाणी, त्याला टेकून कापसाचा घट्ट बोळा, तोंडाशी दुसरा. साखरेने नळी चिकट होते, बुरशी धरते.

पण सगळ्याच जातींच्या मुंग्यांच्या राण्या अशा नसतात, ते इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. राणीला बाजूने नीट बघा. पंख गळाल्याचे व्रण असलेला छातीचा भाग चांगला फुगीर असेल तर तिला खुशाल उपाशी ठेवा. कामकरी मुंगीसारखा सडपातळ असेल तर ती स्वतः बाहेर पडून शिकार करणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता जास्त. तिला अधूनमधून मारलेली छोटी माशी आणि मधाचा टिपका द्यायलाच हवा. आणि नळी कृपा करून कूलरजवळ ठेवू नका. सततच्या थरथरीने घाबरलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते.