मदत हवी आहे: एमएस आणि एपस्टाईन-बार विषाणू
धाकट्या बहिणीला मागच्या महिन्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निदान झालं. वय २९. कॉलेजात असताना तिला ग्रंथिज्वर (बहुतेक वेळा याच एपस्टाईन-बार विषाणूमुळे होणारा ताप) झाला होता, महिनाभर अंथरुणात. आता वाचतेय की २०२२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून जास्त जणांच्या नोंदी तपासल्या, तर एपस्टाईन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. पण हा विषाणू तर बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो! मग हिलाच का? तिचं ड जीवनसत्त्व फारच कमी निघालंय (दिवसभर एसीत काम, ऊन कुठलं), सिगारेटही ओढते, तेही धोक्याचंच म्हणतात. आता सोडली तर आजार हळू वाढतो का? आणि माझ्या मुलांची विषाणूची तपासणी करण्यात काही अर्थ आहे का? कुणी न्यूरॉलॉजिस्टला हे विचारलंय का? आई सारखी स्वतःला दोष देतेय, तिला काय सांगू?